दात कुणाच्या कौलावर

पंचकाठ तालुक्यात दूध, ऊस आणि बढाई या तीन गोष्टींची टंचाई कधी पडली नाही. पहिल्या दोन नदीनं दिल्या, तिसरी माणसांनी स्वतः कष्टानं पिकवली. आणि त्या वर्षी तर बढाईला सरकारी शिक्काच मिळायचा होता. साऱ्या देशातल्या तालुक्यांत पंचकाठ पहिला येऊ घातला होता, आणि तोही रस्त्यांत किंवा कारखान्यांत नव्हे, तर चक्क माणसांच्या वाढीत! फेब्रुवारीत दिल्लीची मंडळी येणार, बाजार समितीच्या मैदानात मांडव पडणार आणि तालुक्याच्या वतीनं मानपत्र घेणार आण्णासाहेब मगदूम.

आण्णांना सोडून हा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा? तालुक्याचा दूध संघ त्यांनी उभा केला. पूर्वी गावोगावचं दूध एकाच टँकरमध्ये ओतायचे आणि फॅट मोजायचे ते संघाच्या दारात, टँकर रिकामा होताना. म्हणजे पाणी घालायचं एका गावानं आणि भाव कमी मिळायचा पाच गावांना. आण्णांनी अध्यक्ष झाल्या झाल्या हा कारभार मोडून काढला. ‘जिथं धार, तिथं फॅट’ असं संघाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं आणि सख्ख्या मेव्हण्याच्या गावालाही त्यातून सोडलं नाही. तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या दारात रोज लिटरभर दूध पोचवायची योजना, तीही त्यांचीच. आता वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, तरी सकाळी संघाच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

त्यांची एकुलती एक लेक शर्मिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाताची डॉक्टर होती. सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं. आई गेल्यापासून ती रोज दुपारी डबा घेऊन बापाकडं यायची. आता माणसांच्या वाढीच्या या भानगडीत दाताच्या डॉक्टरणीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. तर संबंध असा, की ही वाढ मोजायचे ते दातांवरूनच.

दुधाच्या दाताचं कवच, म्हणजे वरचं पांढरं इनॅमल, बाळ आईच्या पोटात चार महिन्यांचं असताना बनायला लागतं आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बनून संपतं. झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक कडं पडतं, तसा या कवचात दिवसाला एक थर चढतो. इतका बारीक, की केसाच्या जाडीत पंधरा-वीस थर सहज मावावेत. ज्या दिवशी बाळ जन्मतं त्या दिवशी एक ठळक काळी रेघ उमटते, ती जन्मरेषा. आईच्या पोटात चार घास गेले, बाळाला पोटभर दूध मिळालं, तर त्या दिवसाचा थर जाड आणि घट्ट. उपास घडला, ताप आला, तर थर पातळ आणि भुसभुशीत. हा दात पुढं सहा-सात वर्षांनी पडतो, तेव्हा माणसाच्या पायाभरणीचा सगळा वृत्तान्त सोबत घेऊनच पडतो.

हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते यंत्र. टेबलावर मावेल एवढी पेटी, तिच्यात दात ठेवायचा. प्रकाशाची एक धारदार सुई दातावर डोळ्याला दिसणार नाही असा ओरखडा काढते, त्यातून उडालेल्या कणांची ती पेटी थराथरानं तपासणी करते आणि चहाचा कप संपेपर्यंत एक रंगीत पट्टी छापून देते. भूक, आजार, अंगावरचं दूध कधी सुटलं ते, सगळं त्या पट्टीत असतं. एवढंच नाही, तर आई कुठलं पाणी प्यायली तेही असतं, कारण बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड, नदीच्या पाण्यातला स्ट्राँटियम आणि खतं झिरपलेल्या कालव्यातले क्षार थरांत वेगवेगळी खूण ठेवून जातात. लोकांनी या पट्टीला ‘दाताची पत्रिका’ असं नाव दिलं. फरक एवढाच, की ज्योतिषाच्या पत्रिकेत पुढचं सांगतात आणि ते चुकतं. हिच्यात मागचं असायचं आणि ते चुकत नसे.

सरकारनं मग शाळाशाळांतून पडलेले दात तपासून देशाचा ‘पाया-नकाशा’ काढायला सुरुवात केली. भक्कम तालुका हिरवा, मध्यम पिवळा, कच्चा लाल. पंचकाठ हिरवागार. आणि तिकडं मराठवाड्यात बालाघाटाच्या डोंगरातला खडकवाडा तालुका वर्षानुवर्षं लालभडक. लाल तालुक्यांसाठी एक कडक नियमही आला होता. एका आईच्या दोन लेकरांचे दात कच्चे निघाले, तर तिचं धाकटं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत सरकारी ‘पाया निवासा’त वाढवायचं. हेतू चांगला होता. सरकारी हेतू नेहमी चांगलेच असतात.

‘तिकडची माणसंच तसली,’ असं पंचकाठच्या पानपट्टीवर लोक पिचकारी मारून सांगत. झालं, विकासाचा अभ्यास संपला!

जानेवारीतल्या एका सकाळी शर्मिलाच्या दवाखान्यात एक बाई आली. डोक्यावरून पदर, हातांवर उसाच्या पात्यानं ओढलेले ओरखडे, कडेवर वर्षाचा गुटगुटीत पोरगा आणि पदराला धरून गाल सुजलेली सहा वर्षांची पोरगी. ऊस तोडायची यंत्रं येऊन जमाना झाला होता. पण नदीकाठच्या ओल्या, तुकड्यातुकड्यांच्या रानात ती रुतून बसायची, तिथं कोयताच लागायचा. म्हणून दिवाळी झाली की बालाघाटातून नवरा-बायकोच्या जोड्या यायच्या आणि गुढीपाडव्यापर्यंत ‘थळा’वर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, कोप्यांच्या, वस्तीत, राहायच्या. ही त्यांतलीच. नाव द्वारका सानप, तालुका खडकवाडा.

“लेकीचा दात हालायलाय आन् गाल सुजलाय, डाक्तरीनबाई. रातभर रडती.”

“नाव काय गं तुझं?” शर्मिलानं पोरीला विचारलं.

“ठकू,” पोरगी गाल धरून म्हणाली, आणि पुढचं काही कळायच्या आत दात शर्मिलाच्या चिमट्यात होता. ठकूनं रडायला तोंड उघडलं, पण दुखलंच नाही म्हटल्यावर ते तसंच मिटलं.

द्वारकानं हात पुढं केला. “दात द्या माघारी.”

“देते. आधी यंत्रात घालावा लागतो, नियमच आहे. पण तुम्हाला कशाला हवा?”

“आवं, म्हंजी काय! गावाकडं न्यायचा, आमच्या कौलावर टाकायचा. ज्याच्या कौलावर दात, लेकरू त्या घरचं. हितं कुटं कौल हाय आमाला? कोपीवर टाकला तर पाचटात हरवून जाईल.”

दुधाचा दात घराच्या कौलावर टाकायचा हे शर्मिलालाही ठाऊक होतं, लहानपणी तिनंही टाकले होते. हसत हसत तिनं दात पेटीत ठेवला आणि ठकूला गालावर धरायला बर्फ दिला. पट्टी छापून आली तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

पट्टीचा पहिला भाग जाड, घट्ट. मग एकाएकी थर पातळ झालेले, भुसभुशीत, आणि त्या पातळ पट्ट्याच्या मधोमध जन्मरेषा. पुढं पुन्हा थर जाड, थेट शेवटपर्यंत. पाण्याच्या रकान्यात जाड थरांपुढं बोअरचं पाणी, खडकवाडा. आणि पातळ थरांपुढं छापलं होतं, नदी-कालवा, पंचकाठ.

यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं दात पुन्हा लावला. पट्टी तीच. “द्वारकाबाई, ही जन्मली कुठं?”

“हितंच की! तुमच्या दूध संघाच्या पल्याड उसाचा फड हाय ना, त्याच्या बांधाला. सकाळी मोळ्या वाह्यल्या आन् दुपारी ही झाली.”

“आणि नंतर?”

“नंतर काय? पाचव्या दिशी परत मोळी. टोळी थांबत न्हाई वो कुणासाठी.”

“इथं खाता काय?”

“पहाटं थापल्याली भाकर आन् चटणी, ती दिवसभर. येळच न्हाई, बाई. गावाकडं न्हाई तसं. तिथं सासू म्होरं बसवून खायला घालती. बाजरीची भाकर, शेवग्याची भाजी, शेळीचं दूध. न्हाई खाल्लं तर बोंब मारती.”

आणि मग, न विचारताच, द्वारका बोलत सुटली. थोरल्या पोराचा दात गेल्या साली खडकवाड्याच्या शाळेत तपासला, तो कच्चा निघाला. आता ठकूचा दात तिथं दाखवायचा, तोही कच्चाच निघणार. मग पाडव्यानंतर सरकारची गाडी येणार आणि कडेवरच्या या गणूला घेऊन जाणार.

“गावात समदे म्हन्त्यात, आईलाच लेकरं पोसता येत न्हाईत. आसंल बाई. मीच करंटी आसंल.” तिनं गणूला दुसऱ्या कडेवर घेतलं. “पर वर्साचं लेकरू मायबिगर कसं ऱ्हाईल, तेवढं सांगा.”

शर्मिलानं पट्टी द्वारकापुढं धरली. “हे इकडं बघा. हा जाड भाग तुमच्या गावचा, तुमच्या सासूच्या भाकरीचा. आमच्या गावातल्या पोरांचेसुद्धा थर इतके जाड नसतात. आणि हा पातळ भाग आहे ना, तो इथला. आमच्या गावातला. तुम्ही करंट्या नाही, द्वारकाबाई. मुळीच नाही!”

द्वारका पट्टीकडं बघत राहिली. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण तिनं दात घेतला, पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारली. ती गाठ बघून शर्मिलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

एका दातानं काही सिद्ध होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी टोळी फडावरून परतायच्या वेळेला ती यंत्र घेऊन थळावर गेली. सुरुवातीला बायका जवळ येईनात. दात परका माणूस नेतो म्हणजे काय, लेकराची वाढच नेली म्हणायची! शेवटी द्वारकाच ओरडली, “आगं, माघारी देती डाक्तरीन! माझा दिला की. सोडा गाठी!”

आणि गाठी सुटल्या. कुणाच्या पदरातून, कुणाच्या चंचीतून, एकीच्या तर मंगळसूत्राच्या वाटीमागं मेणात बसवलेला दात निघाला. प्रत्येकीनं तो गावाकडच्या कौलासाठी जपून ठेवला होता. शर्मिला पेटीशी बसून पट्ट्या काढत गेली. कुणाची जन्मरेषा पुढं, कुणाची मागं, पण गोष्ट एकच. दिवाळी ते पाडवा, पातळ. पाडवा ते दिवाळी, जाड. पातळ थरांपुढं दर वेळी पंचकाठ.

असा होता तर सगळा प्रकार. दरवर्षी हजारो माणसं चार-पाच महिने पंचकाठात राहायची, इथलं पाणी प्यायची, इथंच बाळंत व्हायची. त्यांच्या लेकरांचे दात इथं पडले, तरी आया ते पदराला बांधून डोंगरात न्यायच्या आणि मोजणी व्हायची ती तिकडं. पाण्याचा रकाना कोण वाचतो, कार्डावरचा तालुका आणि पक्का की कच्चा, एवढंच नकाशात जायचं. पंचकाठच्या हिरव्या नकाशात ऊसतोड्याच्या पोराचा एक दात आजवर आला नव्हता. भूक इथली आणि डाग खडकवाड्याच्या माथी! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. कारण थळापासून हाकेच्या अंतरावर दूध संघाची भिंत होती आणि तिच्यावरची हातभर अक्षरं कोपीच्या दारातून स्पष्ट दिसत होती.

शर्मिला ती अक्षरं बघत उभी राहिली. आता आण्णांना सांगायला हवं होतं, आणि तिला भीती वाटत होती ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डबा उघडला, ताट वाढलं आणि आण्णांचे दोन घास होऊ दिले. मग सगळं सांगितलं. नकाशा महिनाअखेरीला बंद होणार होता. त्याच्या आत हे दात पंचकाठच्या नावावर गेले, तर गणूचं प्रकरण उभंच राहणार नव्हतं. न गेले, तर पुढच्या वर्षीच्या नकाशापर्यंत थांबायचं आणि गणू पाडव्यानंतर जाणार.

आण्णांचा घास हातातच राहिला. “तुझं डोकं ठिकाणावर हाय न्हवं? अगं, फेब्रुवारीत दिल्लीची माणसं येणार. मांडववाल्याला सांगून झालंय. आन् तू आत्ता तालुक्याचं नाक कापणार?”

“आण्णा, थर खोटं बोलत नाहीत.”

“थर गेले खड्ड्यात! ती माणसं पाहुणी. चार महिने येत्यात, जात्यात. ती आपल्या तालुक्याची न्हवंत. त्यांचं त्यांच्या तालुक्यानं बघावं.”

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असंच ना?”

“म्हण की तसं! आन् दुधाची योजना मी चालू केली, ती काय त्यांना नको म्हणून व्हय? तालुक्याचं कार्ड लागतंय. त्यांच्याकडं न्हाई, त्याला मी काय करू? समारंभ होऊ दे, मग काय पाठवायचं ते पाठव. दोन आठवड्यानं काय आभाळ कोसळतंय?”

“त्यांचं कोसळतंय, आण्णा. आपलं नाही.”

आण्णांनी ताट सरकवलं. शर्मिलाला रडू यायला लागलं होतं. पण ती त्यांचीच लेक, रडता रडता भांडणारी. “एक सांगा मला. टँकर जिथं रिकामा होतो, तिथलं फॅट धरायचं, की जिथं धार काढली तिथलं?”

आण्णा हात धुवायला उठले.

“मामाच्या गावाला सोडलं नाही तुम्ही. आई महिनाभर माहेरी तोंड दाखवू शकली नाही. भिंतीवर कुणी लिहिलंय ते? दात रिकामा होतो खडकवाड्यात. धार इथली आहे, आण्णा. पाणी आपण घातलंय.”

“जा तू,” आण्णा म्हणाले. “तुला जे करायचं ते कर. मला इचारू नगंस.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी तिची गत झाली. दवाखान्यात परत आल्यावर तिनं सगळ्या पट्ट्या यंत्राच्या पडद्यावर मांडल्या. तालुक्याच्या जागी यंत्रानं आपोआप ‘खडकवाडा’ भरलं होतं, कारण आयांची कार्डं तिथली. तिनं ते एकेक करून पुसलं आणि ‘पंचकाठ’ लिहिलं, कारणासकट. आणि पाठवायचं बटण दाबलं.

मग जे व्हायचं ते झालं. पुण्याहून तपासणीचं पथक आलं, स्वतःचं यंत्र घेऊन आलं, थळावर दोन दिवस बसलं. त्यांच्याही पट्ट्या तशाच निघाल्या. देशभरातल्या साखरपट्ट्यात, वीटभट्ट्यांवर, मिरचीच्या कारखान्यांत मग धडाधड तशाच तपासण्या सुरू झाल्या, आणि ज्यानं त्यानं आपापल्या हिरव्या रंगाकडं धास्तीनं बघायला सुरुवात केली. नकाशाची मुदत वाढली आणि नियम बदलला. थर जिथं घडला, त्याचा भार त्या तालुक्यावर. नकाशा बंद झाला तेव्हा खडकवाडा लालातून पिवळ्यात आला होता आणि पंचकाठही पिवळ्यात. दोन तालुके आयुष्यात पहिल्यांदा एका रंगात बसले. द्वारकावरचं प्रकरण रद्द झालं, गणू आईकडंच राहणार होता.

शर्मिला हे सांगायला थळावर गेली, तर द्वारकानं गणूला तिच्या अंगावर टाकला आणि स्वतः मोळीवर बसून हमसून हमसून रडली. भरल्या पोटी रडावं तसं रडली.

गावात मात्र शर्मिलाला बघून लोक रस्ता बदलायला लागले. मांडव उतरवला. ‘घरचा भेदी, लंका दहन’ असं कुणीतरी गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्या सगळ्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते एकाच गोष्टीचं. आण्णा बोलत नव्हते. रोजचा डबा ती ओट्यावर ठेवून यायची आणि संध्याकाळी तो न उघडता परत यायचा. शेजारची काकू त्यांना जेवायला घालते हे कळलं, तेव्हा उपाशी नाहीत म्हणून तिला बरंही वाटलं आणि संतापही आला.

असे कितीतरी दिवस गेले. आणि एका सकाळी दवाखान्यात जाताना तिला संघाची दुधाची गाडी थळावर उभी दिसली. गाडी आधी गावात जायची, हा संघाचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शर्मिला स्कूटर वळवून जवळ गेली. गाडीशी बायकांची रांग होती, पोटुशा बाया पुढं, लेकुरवाळ्या मागं. आणि कॅनपाशी, गुडघ्याला पट्टा बांधून, हातात लिटरचं माप घेऊन आण्णासाहेब मगदूम उभे होते.

“काय बघतीस?” त्यांनी मान वर न करताच विचारलं. “दूध उरत होतं संघात.”

“कार्ड?”

“कार्डाला काय चाटायचंय? तोंड बघून देतोय.” त्यांनी एकीचा तांब्या भरला आणि वर थोडं जास्तच ओतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “गच्चीवरनं थळ दिसतंय गं. मी रोज खुर्ची नदीकडं तोंड करून टाकत होतो. परवा फिरवली.”

शर्मिलानं विचारलं, “आज डब्यात काय आणू?”

“भरली वांगी. आन् त्या काकूला सांग, तिच्या आमटीत मीठ नसतंय.”

त्यानंतर थळावर नळ आला, संघाच्या जुन्या गोदामात पाळणाघर निघालं आणि बाळंतिणीला फडावर नेणाऱ्या टोळीचं दूध बंद, असा दम आण्णांनी मुकादमाला दिला. मुकादम म्हणाला, हे नियमात कुठं बसतं? आण्णा म्हणाले, बसत नसंल तर उभं ऱ्हाऊ दे.

पाडव्याच्या आधी ऊस संपला. निघायच्या दिवशी द्वारका शर्मिलाला शोधत आण्णांच्या घरी आली. गणू कडेवर, आणि ठकूच्या मुठीत काहीतरी.

“दुसराबी पडला,” ठकूनं मूठ उघडली. द्वारकानं सवयीनं पदराचं टोक पुढं केलं.

“थांब, थांब,” आण्णा झोपाळ्यावरून उठले. “गाठ कशाला मारतीस? कौल काय नुसती तुमच्याच गावात असत्यात व्हय? आमच्यावर टाक की.”

ज्याच्या कौलावर दात, लेकरू त्या घरचं. ही साधी गोष्ट नव्हती, आणि ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. द्वारकानं आण्णांकडं पाहिलं, शर्मिलाकडं पाहिलं.

“एक सासूबाईच्या कौलावर जाईल,” ती शेवटी म्हणाली. “त्यो पैला. त्यो काय मी देनार न्हाई. ह्यो दुसरा हितं टाकू. पर आण्णा, एकदा टाकला की मंग माघारी घेता येत न्हाई.”

“कोण घेतंय माघारी?”

नियमाप्रमाणं शर्मिलानं दात आधी आपल्या पेटीत घालून पट्टी काढून घेतली. आता अडचण अशी, की आण्णांच्या बंगल्यावर कौल नव्हतंच, सगळीकडं सोलरच्या काचा. “काचंवर चालतो का?” ठकूनं विचारलं. नाही चालत, असं सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी वरात मागच्या गोठ्याकडं निघाली, तिथं तेवढी जुनी मंगळुरी कौलं शिल्लक होती. ठकूनं नेम धरून दात फेकला. तो कौलाच्या कडेला लागून परत अंगणात पडला. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा आण्णांनी, सगळे नको नको म्हणत असताना, कुरकुरत्या गुडघ्यांनी पोरीला उचलून खांद्यावर घेतलं.

“टाक आता.”

दात वर गेला, कौलावर टक्कन वाजला आणि दोन कौलांच्या खाचेत जाऊन बसला. ठकूनं टाळ्या पिटल्या. गणूलाही काय झालं ते न कळता हसू आलं.

आण्णांनी पोरीला खाली उतरवलं आणि धापा टाकत शर्मिलाकडं वळले. “शर्मे, ह्यो दात आता आपला. पुढच्या नकाशात आपल्याच नावावर घाल.”

“कच्चा आहे, आण्णा. तालुका आणखी खाली जाईल.”

“जाऊ दे की. दूध आपल्याकडं हाय.”